ताणातला मॉड्युलस दाबातल्याच्या निम्मा येतोय? दगडाकडे बोट दाखवण्याआधी हे तपासा

सोलापुरात बेसॉल्टच्या कोअरचं (बोअर घेऊन काढलेल्या दगडी दांड्याचं) टेस्टिंग करताना वरचेवर येणारी अडचण अशी. दाबातला मॉड्युलस, म्हणजे दगडाच्या ताठपणाचा आकडा, ६० गिगापास्कलच्या आसपास निघतो. त्याच बोअरच्या चकत्यांवर गेज (लांबणं-आखडणं मोजणारी बारीक पट्टी) लावून ब्राझिलियन चाचणी (चकती कडेने दाबून चिरण्याची) केली की ताणातला मॉड्युलस ३०-३५ वर अडकतो. रिपोर्ट जातो, कन्सल्टंटचा फोन येतो, ‘एवढी तफावत कशी?’ आणि उत्तर ठरलेलं असतं: ‘सर, दगड ताणात कमकुवतच असतो.’

हे उत्तर अर्धवट आहे. दगडाची ताणातली ताकद दाबातल्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी असते हे खरं, पण ताकद वेगळी आणि ताठपणा वेगळा. ठरावीक स्ट्रेसला, म्हणजे दर क्षेत्रफळावरच्या बलाला, दगड किती लांबतो किंवा किती आखडतो, यावर ताठपणा ठरतो. दगडात सूक्ष्म भेगा असतात. दाबलं की त्या मिटतात आणि दगड ताठ होत जातो. ओढलं की त्याच भेगा उघडतात आणि दगड ढिला पडतो. बिनचुन्याची रचलेली दगडी भिंत वरून दाबली तर दाद देत नाही, उचलायला गेलं तर दगड सुटे होतात, तसंच हे. त्यामुळे ताणातला मॉड्युलस काहीसा कमी येण्यात नवल नाही. पण भेगा जितक्या कमी तितका हा फरकही कमी दिसायला हवा, आणि न कुजलेल्या घट्ट काळ्या बेसॉल्टमध्ये भेगा फारशा नसतात. अशा दगडात निम्म्याचा फरक दिसला तर मी आधी हिशेब तपासतो, मग कोअर कुठून कापला ते बघतो, मग मशीन आणि गेज. दगडाचा नंबर सगळ्यात शेवटी.

पहिला संशय फॉर्म्युल्यावर

ब्राझिलियन चाचणी ब्राझीलचे अभियंते लोबो कार्नेरो यांनी १९४३ मध्ये मांडली, तीही काँक्रीटची ताणातली ताकद काढण्यासाठी. मॉड्युलस काढायला ती जन्मालाच आलेली नाही. चकतीला वरून-खालून दाबायचं, ती मधोमध उभी चिरते. केंद्रावरचा आडवा ताण म्हणजे २ × लोड ÷ (π × व्यास × जाडी). इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं.

निसटतं ते पुढचं. त्याच केंद्रबिंदूवर उभ्या दिशेने दाबही असतो आणि तो आडव्या ताणाच्या तिप्पट असतो. उभा दाब आला की दगड आडवा फुगतो. म्हणजे आडव्या गेजवर जो स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल) दिसतो त्यात ताणामुळे झालेलं लांबणं आहे आणि दाबामुळे झालेलं फुगणंही आहे. एक्सेल शीटमध्ये मात्र स्ट्रेस भागिले स्ट्रेन एवढंच असतं, कारण ती शीट दाबाच्या चाचणीची असते. तिथे ते बरोबरच आहे. ती तशीच्या तशी चकतीला लावली की घोळ होतो.

आकडे घालून बघू. चकतीचा व्यास ५४ मिमी, जाडी २७ मिमी. लोड ११.४५ किलोन्यूटन असताना केंद्रावर आडवा ताण ५ मेगापास्कल होतो. समजा आडव्या गेजने १५० मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दहा लाख भागांत १५० भाग) दाखवले. सरळ भागाकार केला तर ३३ गिगापास्कल. आता दुरुस्ती करू. उभा दाब १५ मेगापास्कल. दाबातला मॉड्युलस ६० गिगापास्कल आणि पॉयसन रेशो (दाबल्यावर दगड आडवा किती फुगतो याचं प्रमाण) ०.२५ असेल, तर नुसत्या फुगण्याचा वाटा ०.२५ × १५ ÷ ६०,०००, म्हणजे ६२.५ मायक्रोस्ट्रेन. १५० मधून तो वजा केला की ताणाचा स्वतःचा स्ट्रेन उरतो ८७.५, आणि मॉड्युलस येतो ५७. कुठे ३३ आणि कुठे ५७! चकती तीच, रीडिंगही तेच.

दोन्हीकडे मॉड्युलस एकच धरायचा असेल तर काम आणखी सोपं आहे. सरळ भागाकाराच्या उत्तराला (१ + ३ × पॉयसन रेशो) ने गुणा. पॉयसन रेशो ०.२५ असताना हा गुणक १.७५ होतो. म्हणूनच तफावत निम्म्याच्या जवळपास दिसली की मी दुसरीकडे कुठे न बघता आधी शीटमधला हा कॉलम उघडायला सांगतो.

एक सावधगिरी मात्र हवी. ही दुरुस्ती पॉयसन रेशोवर फार अवलंबून आहे. वरच्याच उदाहरणात ०.२० धरला तर ताणातला मॉड्युलस ५० येतो, ०.३० धरला तर ६७. पुस्तकातला ०.२५ उचलून घातला तर एवढा फरक नुसत्या अंदाजाने पडतो. आयएस ९२२१ या भारतीय मानकाप्रमाणे दाबाची चाचणी करताना आडवे गेज लावायचेच असतात, तिथून मोजलेला पॉयसन रेशो घ्या. चकतीच्या केंद्रावर उभा गेजही लावता आला तर पडताळा तिथल्या तिथे मिळतो. उभ्या स्ट्रेनची तिप्पट करा, त्यातून आडवा स्ट्रेन वजा करा, आणि ताणाच्या आठपटीला या वजाबाकीने भागा. वरच्या चकतीत उभा गेज २७९ दाखवत असेल तर ८३७ वजा १५० म्हणजे ६८७, आणि ४० मेगापास्कलला ६८७ मायक्रोस्ट्रेनने भागलं की ५८ गिगापास्कल. यात पॉयसन रेशो आधी माहीत असण्याची गरज नाही. मात्र या उत्तरात दाबाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे ते फक्त ताणातला मॉड्युलस म्हणून रिपोर्टमध्ये टाकू नका. पडताळ्यापुरतंच वापरा.

कोणत्या तुकड्यातून काय कापलं?

हिशेब दुरुस्त करूनही मोठा फरक उरला तर मी कोअर बॉक्स मागवतो. हे कारण सगळ्यात कमी बोललं जातं आणि माझ्या मते सोलापूरच्या खडकात त्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं.

आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. एका थराचं पोट घट्ट आणि काळं असतं, डोकं सच्छिद्र असतं, छिद्रांत पांढरं झिओलाइट, कॅल्साइट किंवा काळपट हिरवी माती भरलेली असते, आणि दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टा लागतो. एकाच बोअरच्या एकाच बॉक्समध्ये, दोन-तीन मीटरच्या आत, हे सगळं हजर असू शकतं.

दाबाच्या चाचणीला व्यासाच्या अडीच पट लांबी हवी, म्हणजे ५४ मिमी कोअरला १३५ मिमीचा सलग, न चिरलेला तुकडा. तो कुठून मिळणार? थराच्या घट्ट पोटातून. चकतीला २७ मिमी पुरतात. मग लांब तुकडे दाबासाठी बाजूला काढले जातात आणि उरलेल्या आखूड तुकड्यांतून चकत्या पडतात. तुकडा आखूड का झाला, तर तिथे दगड फुटला म्हणून. फुटला का, तर तिथे भेग होती, छिद्रं होती किंवा माती भरलेली होती. म्हणजे ताणासाठी बॉक्समधला कमजोर दगड आणि दाबासाठी निवडक दगड, अशी वाटणी कुणी मुद्दाम न करताही होते. मग दोन मॉड्युलसची तुलना म्हणजे दोन वेगळ्या दगडांची तुलना ठरते.

उपाय साधा आहे, पण कापण्याआधी करावा लागतो. लांब तुकडा निवडतानाच तो १३५ ऐवजी २००-२२० मिमीचा शोधा. एका टोकाकडून दाबाचा नमुना आणि त्याला लागूनच दोन-तीन चकत्या कापा. खडूने किंवा मार्करने कोअरवर वर-खाली बाण काढा आणि प्रत्येक तुकड्यावर खोली लिहा, करवतीवर जाण्याआधीच. करवतीवर पाण्याने चिखल झाल्यावर कोणता तुकडा कुठला हे ओळखता येत नाही. शिवाय प्रत्येक नमुन्याची कोरडी घनता काढा आणि जमलं तर अल्ट्रासॉनिक वेग (दगडातून ध्वनिलहरी जाण्याचा वेग) घ्या. चकतीची घनता शेजारच्या नमुन्यापेक्षा ठळकपणे कमी असेल तर ती जोडी तुलनेतून बाद करा.

इथेच वाळवण्याचं सांगतो. मातीच्या टेस्टिंगसारखा कोअरही १०५ अंशांवर रात्रभर ओव्हनमध्ये ठेवायची सवय असते. झिओलाइट तापवलं की त्यातलं पाणी निघून जातं, छिद्रांत भरलेली माती सुकून आकसते, आणि दगडात आधी नसलेल्या भेगा पडू शकतात. त्या भेगा दाबात मिटतील, पण ताणात उघडतील. पांढरे ठिपके असलेले नमुने मी कमी तापमानावर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवतो, आणि दाबाचे व ताणाचे दोन्ही नमुने एकाच ट्रेमध्ये ठेवतो.

स्ट्रेसचा पट्टा एकच हवा

दाबातला मॉड्युलस सहसा स्ट्रेस-स्ट्रेनच्या आलेखावर ताकदीच्या निम्म्यापाशी स्पर्शरेषा काढून देतात. १५० मेगापास्कल ताकदीच्या बेसॉल्टमध्ये ही रेषा ७५ मेगापास्कलपाशी काढली जाते. तोवर बहुतेक भेगा मिटलेल्या असतात. ताणात तर दगड १० मेगापास्कलच्या आसपास तुटून मोकळा होतो. म्हणजे एका बाजूला भेगा मिटल्यानंतरचा ताठपणा आणि दुसऱ्या बाजूला भेगा उघडत असतानाचा ताठपणा, असं आपण शेजारी शेजारी मांडतो.

तुलना करायची तर दाबाच्या आलेखातला ० ते ५ किंवा ० ते १० मेगापास्कलचा भाग घ्या आणि ताणातही तेवढाच. शून्याच्या दोन्ही बाजूंचा आलेख एकाच कागदावर काढला तर गोष्ट डोळ्यांना दिसते: खऱ्या दगडात शून्यापाशी रेषा एकदम मोडत नाही, ती हळूहळू वळते. शून्यावरच कोपरा दिसला तर चूक मोजण्यात आहे असं समजून मागे जा. निम्म्या ताकदीवरचा आकडा रिपोर्टमध्ये द्यायला हरकत नाही, डिझाइनला तो लागतो. पण तो ताणाशी ताडून बघू नका.

लोड बरोबर आहे का?

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काँक्रीट क्यूबचं २००० किलोन्यूटनचं मशीनच दगडालाही वापरतात. वरच्या मापाची चकती १० मेगापास्कलला तुटते तेव्हा लोड असतो सुमारे २३ किलोन्यूटन. मशीनच्या क्षमतेच्या सव्वा टक्क्याहूनही कमी. इतक्या खालच्या टोकाला त्या मशीनच्या रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही, कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट उघडून बघितलं तर ते बहुधा याच्या बऱ्याच वरून सुरू झालेलं दिसेल. चकतीसाठी ५० किंवा १०० किलोन्यूटनचा वेगळा लोड सेल मध्ये बसवा. लोड चढवायचा वेग आयएसआरएम या आंतरराष्ट्रीय खडकयांत्रिकी संस्थेच्या सूचनेप्रमाणे सेकंदाला २०० न्यूटन. हाताने व्हॉल्व्ह फिरवून क्यूबच्या मशीनवर तो साधणं अवघड जातं.

उलटी तक्रारही कधी येते, म्हणजे दाबातला मॉड्युलस ताणातल्यापेक्षाही कमी. तेव्हा दाबाचा स्ट्रेन नमुन्यावरच्या गेजने न घेता प्लेटच्या हालचालीवरून घेतलेला असतो. ६० गिगापास्कलचा १३५ मिमी लांब नमुना ५० मेगापास्कलला जेमतेम ०.११ मिमी आखडतो. तेवढी हालचाल तर मशीनची फ्रेम, प्लेट आणि नमुन्याची टोकं मिळूनच करतात. गेज नमुन्याच्या मधल्या भागात, समोरासमोर दोन, आणि टोकं ०.०२ मिमीच्या आत सपाट. यावर तडजोड नाही.

गेजची लांबी, छिद्रं आणि सोलापूरचं ऊन

गेजची लांबी दगडाच्या सगळ्यात मोठ्या कणाच्या निदान दहापट हवी असा नियम आहे. घट्ट बेसॉल्टचे कण बारीक असतात, १० मिमीचा गेज चालतो. सच्छिद्र बेसॉल्टमध्ये मात्र पांढरे दाणे चार-पाच मिमीचे दिसतात, म्हणून काही जण ३० मिमीचा, काँक्रीटचा गेज चकतीवर चिकटवतात. ५४ मिमीच्या चकतीवर हे चालत नाही. केंद्रापासून बाजूला गेलं की आडवा ताण झपाट्याने उतरतो. केंद्रापासून १५ मिमीवर तो केंद्रातल्या ताणाच्या २८ टक्केच उरतो. ३० मिमीच्या गेजखालचा सरासरी ताण केंद्राच्या सुमारे ७० टक्के भरतो, स्ट्रेन कमी दिसतो आणि मॉड्युलस फुगून येतो. १० मिमीच्या गेजला ही चूक ४ टक्क्यांच्या आतबाहेर राहते. दाणे मोठे असतील तर मोठ्या व्यासाची चकती घ्या, गेज लांबवू नका.

चकतीच्या दोन्ही तोंडांवर गेज लावा. एका बाजूला १४० आणि दुसऱ्या बाजूला २६० असं काही आलं तर सरासरी काढून पुढे जाऊ नका, गेज उचकटून खाली बघा. बरेचदा गेजच्या जाळीखाली हिरवट मातीने भरलेलं एखादं छिद्र निघतं, कडेला पांढरी रिंग, मध्ये नखाने खरवडता येईल असा मऊ भाग. गेज त्या मऊ जागेचं मोजमाप देत होता, दगडाचं नाही. गेज चिकटवण्याआधी तोंड ओलं करून तिरप्या उजेडात पाहिलं तर अशी जागा आधीच कळते. मग चकती पूर्ण कोरडी करून, घासून, ॲसिटोनने पुसूनच गेज लावा.

तापमानाकडे दुर्लक्ष ताणातच महागात पडतं. दाबात स्ट्रेन दोन-अडीच हजार मायक्रोस्ट्रेनपर्यंत जातो, तिथे दहा-वीस इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही. ताणात सगळा खेळच शे-दीडशेचा. बाजारात मिळणारा साधा गेज बहुधा स्टीलच्या प्रसरणाशी जुळवलेला असतो. बेसॉल्टचं प्रसरण स्टीलपेक्षा कमी, त्यामुळे दर अंशामागे तीन ते सहा मायक्रोस्ट्रेनचा खोटा स्ट्रेन दिसू शकतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारायलाच नको. चकती एसीच्या खोलीतून आणून लगेच मशीनवर ठेवली तर टेस्ट संपेपर्यंत ती तापतच असते. त्याच दगडाच्या दुसऱ्या चकतीवर डमी गेज (लोड नसलेला, फक्त तापमान टिपणारा) लावा, तो मशीनशेजारीच ठेवा आणि हाफ ब्रिज जोडा, म्हणजे तापमानाचा वाटा दोन गेजच्या जोडणीतच वजा होतो. दगड उष्णता लवकर वाहून नेत नाही म्हणून गेज स्वतःच्या करंटनेही तापतो. ३५० ओहमचा गेज घ्या, एक्साइटेशन (गेजला दिलेलं व्होल्टेज) कमी ठेवा आणि लोड न देता काही मिनिटं रीडिंग स्थिर राहतं का ते बघा. स्थिर होत नसेल तर टेस्ट सुरूच करू नका. उन्हाळ्यात या टेस्ट सकाळी लवकर उरकलेल्या बऱ्या.

सरळ ओढून बघितलं तरी

ब्राझिलियनचा दुरुस्तीचा फेरा टाळायला कुणी कोअरला दोन्ही टोकांना स्टीलच्या टोप्या एपॉक्सीने चिकटवून सरळ ओढतात. पद्धत चांगली आहे, स्ट्रेस भागिले स्ट्रेन इथे चालतं. पण टोपी मधोमध बसली नाही तर नमुना वाकतो. ५४ मिमी व्यासाला लोड १ मिमीने बाजूला गेला तरी एका बाजूचा ताण १५ टक्क्यांनी वाढतो आणि समोरचा तेवढाच घटतो. एकच गेज लावला असेल तर तो कोणत्या बाजूला आहे यावर मॉड्युलस ठरणार. १२० अंशांवर तीन गेज लावा आणि सरासरी घ्या. तिघांत फरक मोठा असेल तर तोडण्याआधी लोड काढून जोडणी पुन्हा बसवा. टोप्या चिकटवताना कोअर व्ही-ब्लॉकमध्ये आडवा ठेवला तर निम्मं काम तिथेच होतं.

वाद मिटत नसेल तर तुळई

हिशेब, कोअर, लोड, गेज सगळं तपासूनही दोन आकड्यांत फरक उरला आणि तो खरा की खोटा हे ठरवायचं असेल, तर मी त्याच दगडाची चौकोनी तुळई कापून चार-बिंदू वाकवण्याची (खाली दोन टेकू, वर दोन ठिकाणी लोड) चाचणी करायला सांगतो. मधल्या भागात खालच्या बाजूला एक गेज, वरच्या बाजूला एक. खाली ताण, वर दाब. एकच दगड, एकच लोड, एकाच वेळी. दोन्ही मॉड्युलस सारखे असतील तर दोन्ही गेज सारखंच दाखवतील. ताणातला कमी असेल तर खालचा जास्त दाखवेल, आणि मॉड्युलसचं गुणोत्तर हे स्ट्रेनच्या उलट गुणोत्तराचा वर्ग असतं. खाली ११० आणि वर १०० आले तर १०० ÷ ११० चा वर्ग, म्हणजे ०.८३. ताणातला मॉड्युलस दाबातल्याच्या ८३ टक्के. यात पॉयसन रेशो नाही आणि लोडचा आकडाही लागत नाही, म्हणून क्यूबच्या मशीनची शंका इथे आड येत नाही. ५४ मिमीच्या कोअरमधून फार तर ३५ मिमी बाजूची तुळई निघते, पण लांब तुकडा असेल तर पुरते. साइटवरून खाणीचा ठोकळा मागवता आला तर उत्तमच.

तुळईनेही मोठा फरक दाखवला तर मग तो दगडाचाच आहे. कुजलेल्या किंवा सच्छिद्र बेसॉल्टमध्ये असं खरोखर होतं. तिथे दाबाच्या आलेखाची सुरुवातही खोलगट दिसते, आणि लोड काढल्यावर स्ट्रेन पूर्ण शून्यावर परत येत नाही. अशा वेळी दोन्ही मॉड्युलस रिपोर्टमध्ये वेगळे द्या, प्रत्येकासमोर स्ट्रेसचा पट्टा, पॉयसन रेशो कुठून घेतला, गेजची लांबी आणि नमुन्याची खोली लिहा. बोगद्याच्या छताचं किंवा दगडी तुळईचं मॉडेल करणाऱ्या इंजिनिअरला सॉफ्टवेअरमध्ये एकच मॉड्युलस भरायची सवय असते. छताचा खालचा भाग ताणात असतो, तिथे कोणता आकडा घ्यायचा हे त्याला या चार नोंदींवरूनच ठरवता येतं.